काटाघरातली चिमणी

“आहे रे! अजून आहे!”

घळीच्या पल्याडून ही हाक यायची. सूर्य खाणीच्या कड्यावर कोपर टेकून वर चढायचा, आणि हाक त्याच्या एक पायरी आधी. सुरुंगवाल्याचा गळा होता तो. जन्मभर दगडाच्या पोटात दारू ठासली, वात पेटवायच्या आधी ‘पळा, पळा’ म्हणून तीनदा ओरडला. त्यात कान गेले आणि गळा तेवढा राहिला. खाण बंद पडली, मजूर आपापल्या वाटांनी पांगले, त्यांच्या खोल्यांचे पत्रे वाऱ्याने नेले, पण हा गडी एकटा पल्याड राहिला. का राहिलास म्हणून कुणी विचारलं तर म्हणायचा, “इथल्या दगडांना माझी सवय आहे. नव्या दगडांशी आता कोण ओळख काढत बसणार?”

किल्लीबाईंना ती हाक अजून ऐकू येते. बंद होऊन एकोणतीस वर्षं झाली. पण सकाळी काटाघराचं कुलूप काढताना किल्ली फिरते न फिरते तोच कानाशी येते: आहे रे, अजून आहे. आणि रोज त्या दातांखाली पुटपुटतात, “मर मेल्या.” मेलेल्या माणसाला रोज मर म्हणावं लागतं, ही काही साधी गोष्ट नव्हे.

काटाघर म्हणजे खाणीच्या वजनकाट्याची जुनी खोली. दगडाच्या गाड्या तिथे तोलल्या जायच्या. खाण मिटली तसा काटा गंजला आणि खोलीत शेळ्या बसू लागल्या. एका सकाळी किल्लीबाईंचे सासरे, गावचे सुतार, अंगणात फळीवर रंधा मारत होते. पल्याडून हाक आली. त्यांनी नेहमीसारखं तोंडाशी हात धरून “ऐकलं रे!” म्हणून उत्तर दिलं, रंधा खाली ठेवला, आणि कामासाठी आलेल्या चार जणांना विचारलं, “उद्या ही हाक आली नाही, तर जाणार कोण?”

सगळ्यांचं काम ते कुणाचंच नाही, ही गावाची जुनी रीत.

“मग आत्ताच ठरवा,” म्हातारा म्हणाला. “आणि ज्याला जायचं नसेल त्याने इथून तोंड काळं करावं. दाराची चौकट मागायला पुन्हा माझ्याकडे येऊ नये.”

मदतघर सुरू झालं ते असं, म्हाताऱ्याच्या धमकीतून. शेळ्या हाकलल्या, लेंड्या झाडल्या, भिंतींना चुना लावला. पहिलं स्ट्रेचर म्हणजे सुताराच्या घराचं मागचं दार, बिजागऱ्यांसकट. पुढे दोन वर्षं त्या घरात मागून मांजरं सुखाने येत-जात होती. कुणाला ताप, कुणाची बाळंतपणाची घाई, कुणी झाडावरून पडलेला, कुठे एकट्या म्हातारीची चूल सकाळपासून पेटली नाही. जो मोकळा असेल त्याने जायचं.

आणि कोण गेलं, हे कळायला म्हाताऱ्याने भिंतीवर एक लांब फळी ठोकली. खालच्या ओळीत ज्याच्या-त्याच्या नावाचा खिळा, त्यावर ज्याची-त्याची लाकडी चकती. अर्ध्या लोकांना अक्षर येत नव्हतं, म्हणून चकतीवर नाव नाही, चित्र कोरलेलं. वरच्या ओळीत कामांच्या पाट्या. काम घेणाऱ्याने आपली चकती उचलून त्या पाटीखाली लावायची, लाल रंगाची बाजू बाहेर. परत आलं की चकती उलटी करून पुन्हा आपल्या खिळ्याला. नियम दोनच. लाल दिसली की दुसऱ्याने जायचं नाही. माणसं मोजकी, एकाच कामामागे दोघं धावले तर दुसरं काम उपाशी राहतं. आणि दुसऱ्याच्या चकतीला हात लावायचा नाही. “चकती म्हणजे जबान,” म्हातारा सांगायचा. “दुसऱ्याच्या तोंडात आपली जीभ घालू नये.”

म्हाताऱ्याला दोन सुना. थोरली शिवणकाम करायची, तिला वाटलं आपल्याला सुई मिळेल. म्हाताऱ्याने तिच्या चकतीवर किल्ली कोरली. “तू वेळेवर उघडशील, वेळेवर लावशील,” म्हणाला. धाकटीच्या चकतीवर चिमणी कोरली, चोच उघडी, गळा फुगलेला. कारण धाकटी गायची. झाडू मारता मारता, पट्ट्या धुता धुता, तिच्या ओठांवर काही ना काही असायचं.

पल्याडच्या हाकेसाठी अल्याड माझा कान,
जोवर हाक येते, तोवर गावात प्राण.

हे तिनेच रचलेलं. म्हातारा ऐकून मान डोलवायचा. थोरली शिवणाच्या मशीनवर पाय जोरात मारायची. किल्ली जड असते. चिमणीचं काय, चिमणी कुठेही बसते.

*

आज काटाघराला चाळीस वर्षं होत आली होती. फोन आले, अॅम्ब्युलन्स आली, पण फळी आणि चकत्या तशाच होत्या, कारण घळीत फोनला रेंज नव्हती आणि गावाची सवय सुटत नव्हती. म्हाताऱ्याच्या मागे काटाघराची किल्ली थोरलीकडे आली होती, आणि तिचं नावच किल्लीबाई पडलं होतं. यंदा समितीने शेजारी नवी खोली बांधली. तिच्या मोठ्या भिंतीवर संस्थेचा इतिहास रंगवायचं ठरलं. आणि ठरल्या दिवसापासून गावात कुत्र्यामांजराचं सुरू झालं. इतिहास नव्हता तोवर सगळे बरे होते.

लिहायचं काम होतं रिटायर झालेल्या पोस्टमनकडे. जन्मभर दुसऱ्यांचं लिहिलेलं पोचवलं, आता स्वतःचं पोचवायची हौस. सभेच्या आदल्या सकाळी तो वही घेऊन काटाघरात आला.

“वहिनी, ऐका. ‘सृष्टीच्या आरंभी, जेव्हा मानव गुहेत राहत होता...’”

“भावजी, भिंत केवढी आहे?”

“दहा फूट बाय बारा फूट.”

“मग गुहेतून जरा लवकर बाहेर या.”

पोस्टमनने नाक फुगवून तीन पानं उलटली. गिरणीवाला सध्या समितीचा अध्यक्ष होता. त्याच्या बापाने दिलेल्या घोंगडीचा उल्लेख आधीच चार ओळी खात होता. मग पोस्टमनने घसा साफ केला. “‘या संस्थेचा प्राण म्हणजे किल्लीबाई. त्यांनी आयुष्यात एकही दिवस कुलूप उशिरा उघडले नाही.’ कसं आहे?”

किल्लीबाईंनी पदर सारखा केला. “जरा जास्त होतंय.” पण होऊ दे, असं त्यांचं तोंड म्हणत होतं.

“आणि हे. ‘याच काळात चिमणी हे चिन्ह असलेल्या सेविकेने कामावर गेल्याची चकती लावूनही कर्तव्यात कसूर केली, व पल्याडच्या निराधार वृद्धास प्राणास मुकावे लागले.’”

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. किल्लीबाईंनी टेबलावरचा कापसाचा बोळा उचलला आणि परत ठेवला.

“ते गाळलं तर?” त्या म्हणाल्या. “झालं-गेलं. भिंतीवर कशाला?”

“गाळू?” पोस्टमनचा आवाज एकदम चिरका झाला. “वहिनी, त्या दिवशी मी या दारात उभा होतो. सकाळी आठला. पिशवी रिकामी, पायात ताकद. हाक आली नव्हती म्हणून निघालोच होतो पल्याड. आत डोकावलो, चिमणी लाल. म्हटलं, गेलीय धाकटी. फिरलो माघारी आणि घरी जाऊन चहा प्यायलो. वहिनी, चहा! जन्मभर लोकांच्या दारात गेलो, पण त्या एका दारात जायचं राहिलं. माझ्याबरोबर आणखी दोघं तसेच फिरले. तिने एक चकती लावली आणि तिघांचे पाय कापले. आणि वर काय म्हणते? मी लावलीच नाही! चकती काय चालत गेली खिळ्यावर?”

किल्लीबाईंनी बोळा बरणीत टाकून झाकण लावलं.

“उद्या सभेत वाचणार,” पोस्टमन म्हणाला. “परवा पेंटर रंगवायला बसतोय.” वही काखेत मारून तो गेला.

किल्लीबाई फळीसमोर उभ्या राहिल्या. खालच्या ओळीत, किल्लीच्या शेजारी, एक खिळा रिकामा होता. तिथे आजवर कुणाची चकती लागली नव्हती. नवीन माणूस आला तरी तो दुसऱ्या टोकाला खिळा ठोकून घ्यायचा.

आता खरं काय ते सांगायला हवं. कारण ते जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस ती फळी पाहत उभं होतं.

त्या सकाळी पहिली थोरली आली होती. धुकं होतं, थंडीने कुलूप हाताला चावत होतं. हाक आली नाही. तिने थोडा वेळ कान दिला. नाही. रीतीप्रमाणे जो पहिला आला त्याने निघायचं. घळ उतरून चढायला अर्धा तास, परतायला अर्धा. आणि घरी मशीनवर शाळेचे अठरा गणवेश दुपारपर्यंत द्यायचे पडले होते, बटणांसकट. एवढ्यात खिडकीतून दिसलं: खाली घळीच्या पायवाटेने धाकटी चालली आहे, खांद्याला औषधांची पिशवी. थोरलीला वाटलं, हिने हाक नाही हे आधीच ओळखलं आणि निघालीही. चकती लावायला मात्र थांबली नाही. नेहमीचंच. अशी उडाणटप्पू, आणि घरात कौतुक हिचंच. आदल्याच संध्याकाळी सासरे सगळ्यांदेखत म्हणाले होते, “धाकटीचे पाय हाकेच्या आधी निघतात.”

थोरलीने पाटीवर ‘पल्याड’ लिहिलं. चिमणीची चकती उचलली. डाव्या अंगठ्याखाली उघडी चोच टोचली. लाल बाजू बाहेर करून चकती पाटीखाली अडकवली, आणि घरी जाऊन गणवेशांना बटणं लावत बसली. मनात एकच: बघा, हिच्या चुकाही मीच निस्तरते.

घळीच्या तळाशी वाटेला दोन फाटे फुटतात, एक खाणीकडे, एक वीटभट्टीकडे. धाकटी वीटभट्टीकडे गेली होती. भट्टीवरच्या बाईच्या अंगावर उकळतं पाणी सांडलं होतं, आणि तिचा नवरा पहाटेच धाकटीला घरून बोलवून गेला होता. दिवसभर ती तिथेच होती. दिवे लागायच्या सुमाराला काटाघरात परतली, आणि दारातच थबकली.

“माझी चिमणी कुणी लावली?”

मग सगळे धावले. सुरुंगवाला आपल्या उंबऱ्यात पडला होता, खुब्याचं हाड मोडलेलं, दिवसभर त्या गारठ्यात. दारावर घालून आणला. वाटेत शुद्धीत होता. म्हणाला, “दिवसभर ‘आहे, आहे’ म्हणत होतो रे. आवाज घळ ओलांडेना.” तिसऱ्या दिवशी गेला.

म्हाताऱ्याने सगळ्यांना फळीसमोर उभं केलं. “चिमणी कोणी लावली?”

“मी नाही लावली, मामंजी,” धाकटी म्हणाली.

“मग तिला पंख फुटले?”

लोक म्हणाले, लावून निघाली असेल आणि वाटेत भट्टीवाल्याने अडवल्यावर पल्याडचं विसरली. चूक झाली तर झाली म्हणावं, खोटं कशाला? थोरलीच्या जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं. तेवढ्यात म्हातारा कडाडला, “चूक करणाऱ्याला मी जेवायला वाढीन. खोटं बोलणाऱ्याला माझ्या घरात पाण्याचा थेंब नाही.” थोरलीने ओठ मिटले. पहिल्या दिवशी खरं न बोलणं ही चूक होती. दुसऱ्या दिवशी ते खोटं झालं. आणि आठवड्याने धाकटा मुलगा बायकोची बाजू घेऊन बापाच्या घरातून निघाला तेव्हा त्या खोट्याचा डोंगर झाला होता, आणि तो उपसायला थोरलीचे हात पुरले नसते.

*

दुपारी किल्लीबाई दळण घेऊन गिरणीत गेल्या. बाकावर धाकटी बसली होती, मांडीवर डबा. केस पार पांढरे, पाठ मात्र ताठ. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. काटाघराची पायरी एकोणतीस वर्षं चढली नव्हती. नवऱ्याच्या शेवटच्या दुखण्यातही तिने काटाघरात निरोप पाठवला नव्हता. हातगाडीवर गादी घालून त्याला स्वतः ढकलत दवाखान्यात नेलं होतं, जवळचा रस्ता सोडून, मुद्दाम काटाघराच्या दारावरून. आत किल्लीबाई आणि त्यांचा नवरा होते. सख्खा भाऊ दारावरून चालला, आणि हा माणूस खिडकीतून पाहत उभा राहिला. पुढे सहा महिन्यांनी तोही गेला. दोघं भाऊ एकमेकांशी न बोलता गेले.

“या बाईसाहेब!” गिरणीच्या आवाजावर आवाज चढवत धाकटी म्हणाली. “भिंतीवर चढणार म्हणे तुम्ही!”

“ज्याचं काम, त्याचं नाव,” किल्लीबाई म्हणाल्या.

“आणि मलाही चढवताय! बरं झालं. फासावर चढवायचं तेवढं राहिलं होतं.”

बाकीच्या बायका डब्यांची झाकणं काढून-लावून पाहू लागल्या. गिरणीवाल्याला ऐकू येईना म्हणून त्याने चक्क गिरणी बंद केली. पीठ हवेत तरंगत राहिलं.

“तुझं नाव नाही घातलेलं,” किल्लीबाई म्हणाल्या. “चिमणी म्हटलंय.”

“अगं बाई, केवढी माया! आंधळ्याला कळणार नाही ती चिमणी कोण!” धाकटी उठली. “जाऊबाई, एक सांगू? तुम्हा सगळ्यांचा मला राग येतो, पण तुमचा सगळ्यांत जास्त. लोकांनी निदान शिव्या दिल्या. तुम्ही काहीच बोलला नाहीत. एका चुलीवर सहा वर्षं आपण भाकऱ्या भाजल्या. तुम्हाला ठाऊक होतं मी खोटं बोलत नाही. एकदा म्हणायचं होतंत, ‘ती खोटं बोलत नाही.’ चार शब्द. तुमचं काय झिजलं असतं?”

इथे गप्प बसता आलं असतं. पण ज्याचं आपण वाईट केलं, त्याचा राग करणं सोपं असतं. दुसरं काही करायला काळीज लागतं. किल्लीबाईंच्या तोंडून भलतंच निघालं.

“तुझ्यासाठी बोलायला तुझं तोंड काय कमी होतं? गात तर होतीस दिवसभर.”

धाकटीने आपला डबा उचलला. पिठाचा हात लुगड्याला पुसला.

“त्या दिवसापासून मी गायले नाही,” ती म्हणाली, साध्या आवाजात, जणू भाव सांगावा तसं. “उद्या सभेला येतेय मी. माझ्या तोंडावर वाचा म्हणावं.”

ती गेल्यावर गिरणीवाल्याने बटण दाबलं. “काकू, तुमचं बारीक दळू की जाडं?” किल्लीबाईंनी दळणाचा डबा पुढे ढकलला.

घरी येऊन त्यांनी मशीनचं झाकण उघडलं, बंद केलं. सासऱ्यांचे शेवटचे दिवस आठवले. म्हातारा खाटेवर, हाडांचा सांगाडा, एका दुपारी डोळे न उघडता म्हणाला होता, “थोरले, त्या दिवशी कुलूप तूच उघडलंस ना?” त्या म्हणाल्या, “हो, मामंजी.” “मग पहिली तू आलीस.” “हो.” मग म्हाताऱ्याने उशाखालून काटाघराची किल्ली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची बोटं आपल्या हाताने मिटवली. घट्ट, दुखेल इतकी. लोक म्हणाले, केवढा विश्वास! किल्लीबाईंना त्या मुठीचा अर्थ कळला होता. विश्वास असा दुखत नाही.

*

सभा सकाळी दहाला होती. नवी खोली, ओल्या सिमेंटचा वास, भिंतीवर पेंटरने खडूने आखून ठेवलेल्या ओळी. पस्तीस-चाळीस माणसं खुर्च्यांवर, काही दाराशी. पहिला अर्धा तास घोंगडीवर गेला. गिरणीवाल्याचं म्हणणं, एक नव्हे, दोन घोंगड्या होत्या. कुणी म्हणालं, दुसरीला भोक होतं. “भोक म्हणजे काय घोंगडी नव्हे?” असं बरंच झालं.

मग दारातली माणसं बाजूला झाली आणि धाकटी आत आली. पुढच्या रांगेतली रिकामी खुर्ची ओढून, थेट भिंतीसमोर बसली.

“वाचा,” ती पोस्टमनला म्हणाली.

पोस्टमनचा चष्मा नाकावरून घसरला. पण वाचलं त्याने. कसूर, निराधार, प्राणास मुकावे लागले. एकेक शब्द, चावून, तिच्याकडे बघत.

“झालं?” धाकटी म्हणाली. “आता माझं ऐका. मला माफी नको, सत्कार नको. ते वाक्य काढा असंही म्हणत नाही. पूर्ण करा. ‘चकती लावूनही’ लिहिलंय, तिथे लिहा, कुणी लावली.”

“तूच!” मागून कुणी ओरडलं.

“बघितलंत?” धाकटीने मागे वळून विचारलं.

“मग काय भुताने लावली?”

“एकोणतीस वर्षं तेच शोधतेय मी,” धाकटी म्हणाली. “तुमच्यातल्या प्रत्येकाच्या हाताकडे बघत फिरते. बाजारात, गिरणीत. हा असेल का? ती असेल का? तुम्हाला वाटतं मी तुमच्याशी बोलत नाही ते अपमानामुळे. अरे, कुणाशी बोलू? ज्याच्याशी बोलायची तोच निघाला तर?”

“नाटकं पुरे!” पोस्टमन उभा राहिला होता. “नाटकं पुरे. माझ्याकडेही दाखवायला आहे.” त्याने पिशवीतून कागदाची पुडी काढली आणि सोडली. “म्हातारबांच्या हत्यारांच्या पेटीच्या तळाशी मिळाली. आम्हाला वाटत होतं त्यांनी जाळली.”

चकती होती. रंग उडून विटेसारखा झालेला, पण लालच. चिमणी तशीच, चोच उघडी.

खुर्च्या करकरल्या. धाकटीने तोंडावर हात घेतला आणि लगेच खाली आणला, कुणी पाहू नये म्हणून.

“त्या वाक्याच्या जागेखाली मी खिळा मारून ठेवलाय,” पोस्टमन म्हणाला. “चकती तिथे राहील. लाल बाजू बाहेर. येणाऱ्या-जाणाऱ्याला कळू दे, लावली तर जायचं असतं. वहिनी, या. तुम्ही संस्थेचा प्राण. तुमच्या हाताने लागू दे.”

“हां, काकूंच्या हाताने!” गिरणीवाला म्हणाला आणि टाळी वाजवायला लागला. एकट्याचीच वाजते आहे हे पाहून थांबला.

“लावा, लावा जाऊबाई,” धाकटी म्हणाली. आवाजात सुरी होती. “तुमचा शिवणाचा हात. सरळच लागेल.”

किल्लीबाई उठल्या. कमरेची किल्ली मांडीवर आपटली. चारच पावलं होती भिंतीपर्यंत. पोस्टमनने चकती त्यांच्या हातात दिली. किती हलकी! इतक्या वर्षांत त्यांच्या मनात ती जात्याच्या तळीएवढी झाली होती. दोरा नवा ओवला होता. त्यांनी हात वर केला, आणि डावा अंगठा आपोआप जिथे जायचा तिथे गेला. उघडी चोच टोचली. तीच जागा, तेवढंच. बोटांनी दोऱ्याचा फास उघडला, खिळ्याच्या डोक्यापर्यंत नेला. बाहेर धुकं नव्हतं. मशीनवर गणवेश नव्हते. घाई कसलीच नव्हती. पाठीमागे चाळीस माणसं होती, आणि कानात तो गळा, पण आज बारीक, घळ ओलांडता न येणारा: आहे... अजून आहे...

आज ‘मर मेल्या’ ओठांवर आलं नाही.

हात खाली आला.

“काय झालं काकू?” गिरणीवाला म्हणाला. “उंच झाला का खिळा? स्टूल देऊ?”

“मी नाही लावणार.”

“अहो, का पण?”

किल्लीबाईंनी कमरेची किल्ली सोडली आणि पोस्टमनच्या उघड्या वहीवर ठेवली, बरोबर त्या वाक्यावर. चकती हातातच राहिली. भिंतीकडे तोंड करून त्या काहीतरी म्हणाल्या.

“काय?” गिरणीवाल्याने कानामागे हात धरला. “मोठ्याने बोला. आमचे कान गिरणीने खाल्लेत.”

किल्लीबाई वळल्या. गिरणीवाल्याकडे नाही, पोस्टमनकडे नाही. पुढच्या रांगेत ताठ बसलेल्या पांढऱ्या केसांच्या बाईसमोर येऊन उभ्या राहिल्या. आवाज असा निघाला की घळीच्या पल्याडही गेला असता.

“धाकटे, चिमणी मी लावली होती. पहिली मी आले, हाक आली नव्हती, जायची पाळी माझी होती. ती मी तुझ्या नावावर लावली आणि घरी जाऊन बटणं शिवत बसले.”